अभिमनभाऊंची मोजणी

मोजण्यात आमच्या अभिमनभाऊंचा हात धरणारा माणूस उभ्या शिरपुरात नाही. आंबेवाला त्यांना दोन आंबे जास्तच घालतो, पुन्हा मोजायला लावतील या धास्तीने. मी त्यांचा शेजारी, त्यामुळे ही खोड मी तीस वर्षं सोसतो आहे.

धुळ्याच्या एका खासगी दवाखान्यात ते कंपाउंडर. तिथे गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी निघाली, तेव्हा आमच्या बाजूच्या खेड्यांतले एकोणीस रुग्ण त्यांच्याकडे आले. चाचणीतल्या निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना नुसती पिठाची. कुणाला कुठली, हे भाऊंनाही ठाऊक नाही. दर पंधरा दिवसांनी मोटारसायकलवर जायचं, रिकाम्या पट्ट्या मोजून घ्यायच्या, नव्या द्यायच्या. वर्षभरात एक गोळी उरली नाही की हरवली नाही. मोठे डॉक्टर खूश झाले. भाऊंच्या निवृत्तीच्या दिवशी याच मोजणीसाठी शाल-श्रीफळ द्यायचं ठरलं.

संमतीपत्रात एक ओळ होती. निकाल चांगला लागो की वाईट, तो वेबसाइटवर सगळ्यांसाठी जाहीर होईल आणि रुग्णांनाही कळवला जाईल. असल्या ओळी कोण वाचतो? भाऊंनी ती एकोणीस घरी अहिराणीत समजावली होती, वर ‘मी स्वतः सांगायला येईन’ असा शब्द देऊन बसले होते. निकाल लागला, तो असा की खऱ्या आणि पिठाच्या गोळीत काहीच फरक नाही. फोनवर सांगून टाका, असं मी म्हटलं. तोवर त्यांनी गाडीला किक मारली होती.

पहिलं घर भिकुबाईंचं. त्या ओट्यावर मिरच्यांची देठं काढत होत्या, शेजारी त्यांची जेठानी, म्हणजे थोरली जाऊ, बेबाबाई. गोळीचा उपयोग नाही, हे भाऊंनी सरळ सांगितलं. भिकुबाईंनी हातातली मिरची खाली ठेवली.

“तू खरं सांगं, भाऊ, मंग मी बी सांगस,” त्या म्हणाल्या. “अर्धी गोयी मी खादी, अर्धी जेठानीले दिधी. तिना बी गुडघा दुखस. एक घरमा मी एकलीच कशी खाऊ?”

गोळी दुसऱ्याला देऊ नका, असं भाऊ दरवेळी बजावत. पण एका चुलीवर जेवणारी जेठानी म्हणजे ‘दुसरी’, हे त्या घरात कुणाच्या डोक्यात येणार? पट्ट्या बरोबर होत्या, मोजणी बरोबर होती आणि तरीही सगळं चुकलं होतं.

ते उरलेल्या अठरा घरी गेले. यावेळी पट्ट्यांना हात न लावता नुसतं विचारलं. आणखी सहा घरांत गोळ्या वाटून खाल्लेल्या निघाल्या.

शुक्रवारी त्यांनी डॉक्टरांना अर्ज दिला. त्यात शेवटी लिहिलं होतं, ‘गोळ्या मी मोजल्या. कोणी खाल्ल्या, हे विचारलं नाही. चूक माझी.’ डॉक्टर वाईट नव्हेत, पण तेही चपापले. निकाल आता जाहीर झालाय, रविवारी तुमचा सत्कार आहे, तो होऊ द्या, मग पाहू, असं म्हणाले. भाऊंनी अर्जावर पोच मागितली.

सत्कार झाला नाही. मला संताप आला. उभ्या आयुष्यात एक शाल मिळणार होती, तीही या माणसाने स्वतःच्या हाताने घालवली. मी तसं तोंडावर म्हणालो, तर म्हणे, शाल मोजणीची होती आणि मोजणीच खोटी निघाली.

चार महिन्यांनी वेबसाइटवर निकालाखाली दोन ओळी वाढल्या. शिरपूरकडच्या सात रुग्णांनी गोळ्या घरात वाटून घेतल्या, त्यामुळे या निकालावर पूर्ण भरवसा ठेवू नये. भाऊंनी त्याचा कागद काढून घेतला आणि मलाही गाडीवर बसवून भिकुबाईंकडे नेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, मग गोळी चांगली की वाईट?

“माहीत नही, अक्का,” भाऊ म्हणाले.

भिकुबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं.

“इतला दवाखाना करात,” त्या म्हणाल्या, “पन माहीत नही म्हननारा तूच पहिला.”

मग त्यांनी बेबाबाईंना चहा ठेवायला सांगितलं. परत येताना भाऊ गाडीवर काहीतरी गुणगुणत होते. मी शालीचा विषय पुन्हा काढला नाही.