बोट कुणामुळं कलली

आमच्या सी कॅडेटच्या सरांना पोहता येत नव्हतं.

हे आज लिहायची वेळ त्यांनीच आणली.

काल बसू गेला. बसवराज, मैंदर्गीचा. पिठाची गिरणी होती त्याची. सकाळी गिरणीतच छातीत कळ आली. अक्कलकोटच्या दवाखान्यापर्यंतसुद्धा पोचला नाही.

माती देऊन घरी आलो, मोबाईल उघडला, तर जुन्या कॅडेटांच्या ग्रुपवर सरांची पोस्ट.

'माझा लाडका कॅडेट. याला पोहायला मी शिकवलं.'

खाली आमच्याच लोकांचे जोडलेले हात.

किळस आली. दुसरा शब्द नाही.

सोलापुरात कुठला आलाय समुद्र? आमचा समुद्र म्हणजे तलाव. अर्धा जलपर्णीनं झाकलेला, उरलेल्या अर्ध्यात निर्माल्य. त्या वासात, पांढरा कडक युनिफॉर्म घालून आम्ही वल्ही मारायचो. नववीत होतो.

आम्हाला ती मजा होती. बोर्डिंगात राहणाऱ्या बसूला मात्र खरोखर नेव्हीत जायचं होतं. कॅडेटचं सर्टिफिकेट असलं की भरतीत फायदा, असं सर सांगायचे. तो ते जपमाळेसारखं घोकायचा.

हुकूम मिळाला की 'आय आय सर' म्हणायचं. बसू म्हणायचा, 'हाय हाय सर.'

'हाय हाय काय करतोस? कोण मेलंय?'

'कोन न्हाई सर. तुमी इचारलं, तयार हाय का. हाय की.'

मग ग्राउंडला पाच फेऱ्या. आम्ही हसायचो. मी सगळ्यात जास्त.

आणि पोहणं? ते त्याच्या वडिलांनी शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून घरच्या विहिरीत ढकलून दिलं होतं.

एकदा मुंबईहून मोठे साहेब इन्स्पेक्शनला आले.

बोटीत उभं राहायचं नाही, हा सरांचाच पहिला धडा. पण काठावर साहेब दिसले आणि सर सॅल्यूट ठोकायला ताडकन उभे राहिले.

बोट कलली. सर पाण्यात.

टोपी तरंगली. सर तरंगले नाहीत.

आम्ही चौघं कडेला धरून नुसते ओरडत होतो. बसूनं उडी मारली, कॉलर धरली आणि सरांना ओढत काठाला आणलं. खांद्यावर जलपर्णी, तोंडातून हिरवं पाणी. साहेब तोंड फिरवून हसले.

ते हसणं बसूला महागात पडलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी आम्हा चौघांना स्टोअररूममध्ये बोलावलं. माझे कान तिखट, अक्षर चांगलं, म्हणून कागद माझ्यापुढं.

'लिही. कॅडेट बसवराज हुकूम नसताना बोटीत उभा राहिला. त्यामुळे बोट कलली.'

'पण सर...'

'सर्टिफिकेट पाहिजे ना?'

एक शब्द न गाळता लिहिलं. पहिली सही माझी. मग बाकी तिघांची.

बसूचं नाव कापलं. सह्या झाकून काढलेली कागदाची झेरॉक्स त्याच्या वडिलांच्या हातात दिली. नेव्ही तिथंच संपली.

ते सर्टिफिकेट मला आयुष्यात कुठंच लागलं नाही. मी हातात पाना घेतला, शिकलो, मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. आज नुसत्या आवाजावरून सांगतो, बेअरिंग गेलंय की नाही.

बसू गिरणीची मोटर कायम माझ्याकडंच आणायचा. चहा व्हायचा, चेष्टा व्हायची. मध्येच म्हणायचा, 'त्या तलावात बोटी हायत का रं अजून?' आणि मला नेमकं तेव्हाच दुसरं गिऱ्हाईक दिसायचं.

सरांची किळस येते म्हणालो. पण त्यांची पोस्ट वाचून रात्रभर जिनं झोपू दिलं नाही, ती किळस एकट्या सरांची नव्हती.

आज सकाळी परत मैंदर्गीला गेलो. वहिनींना सांगितलं, 'तो कागद माझ्या हातचा होता.'

'ठाऊक हाय, अण्णा. त्यास्नी तवाच अक्षर वळखलं हुतं.'

'मग मला कधी बोलला का नाही?'

'म्या बी इचारलं की. म्हनायचे, त्यो सांगंल आपनहून. आपन कशाला इचारायचं?'

म्हणजे इतकी वर्षं तो मोटर घेऊन येत होता, आणि वाट बघत होता.

तर सांगतो. ज्यानं ऐकायला हवं होतं तो गेल्यावर सांगतो.

बसू बसलेला होता. उभे राहिले ते सर. खोटं त्यांनी सांगितलं, लिहिलं मी.

सरांना टॅग केलंय. उरलेल्या तीन सह्यावाल्यांनी ते जोडलेले हात काढून इथं खाली खरं काय ते लिहावं. नसेल जमत तर निदान गप्प बसावं.

बसू, भावपूर्ण वगैरे लिहायचं माझं तोंड नाही.

चुकलो रे.