काळ्या कागदाची खळ

नातीच्या पतंगासाठी गॅसवर मैद्याची खळ शिजत होती. मी पातेलं उतरवायला गेले, तर मुलाने ते माझ्या हातातून काढून घेतलं. "तू बस आई. तुझं हार्ट विसरलीस का?"

त्या वासाने मी जबलपूरच्या आमच्या घरात पोचले. लढाईचे दिवस होते आणि उजेड बाहेर दिसू नये म्हणून घरोघर काचांवर काळे कागद लागत होते. फॅक्टरीतून रिटायर झालेल्या बाबांना हार्ट अटॅक येऊन गेला होता. हवाई हल्ल्याचा भोंगा झाला की ते नुसते खाटेवर उठून बसायचे. त्या दुपारी आई बाहेर गेली आणि ते खळ घेऊन स्टुलावर चढले.

"काहून घाबरून राहिली? स्टूल धर. आईले सांगू नको."

त्यांच्या पोटऱ्या थरथरत होत्या. प्रत्येक श्वास मला खाली ऐकू येत होता. कागद बसला, ते सावकाश उतरले आणि कित्येक महिन्यांनी त्यांनी शीळ घातली.

आई येताच मी सगळं सांगून टाकलं. उरलेल्या काचा शेजारच्या भैयांनी केल्या. बाबा खाटेवरून बघत होते. आईने विचारलं, "काही होऊन राहिलं काय?" ते म्हणाले, "नाही." मी मात्र त्यांना वाचवल्याच्या खुशीत होते.

"आई, काही होतंय का?" आता मुलगा विचारत होता.

"नाही," मी म्हटलं.