विठोजी सर पहिल्यांदा नाही म्हणाले

विठोजी सर बावीस वर्षं बंगळूरात, मल्लेश्वरमला आमच्या कॉलेजात शिकवतायत आणि एवढ्या वर्षांत त्यांनी कुणालाही नाही म्हटलेलं नाही. खरंच! के. आर. पुरमहून दोन बस बदलून येतात, तिथेही स्वतः उठून दुसऱ्याला जागा देतात. घराणं तीनशे वर्षं इकडचं, त्यामुळे मराठीत मध्येच कन्नड घुसतं, ‘थोडं थांब’चं ‘स्वल्प थांब’ होतं. आम्ही पुण्याहून आलेली पोरं हसतो, मग तेही हसतात.

त्यांचा जीव एका ऐच्छिक पेपरात. प्राचीन ज्यू साहित्य. देवाशी भांडणारी गाणी, उद्ध्वस्त शहरासाठी रडणारी माणसं. मागच्या वर्षी मी सहज मागच्या बाकावर जाऊन बसले आणि ढसाढसा रडले. पण पाठ्यपुस्तक असलं जाड आणि रटाळ, की चौदाजणांतले दिवाळीपर्यंत पाच उरले. यंदा, सत्त्याण्णव साली, विभागप्रमुख गुरुराज सरांनी बजावलं, दहाच्या खाली गेलात तर पेपर बंद.

आम्ही अकराजण होतो. सरांनी ते जाड पुस्तक आणि एक नवीन बारीक पुस्तक, दोन्हीतलं एकेक प्रकरण झेरॉक्स करून आम्हाला दिलं. “कंटाळा येईल तिथं पेन्सिलनं रेघ मारा. मला बरं वाटावं म्हणून खोटं नको.”

बारक्या पुस्तकावर रेघच नाही! सर गठ्ठा पिशवीत घालून गुरुराज सरांकडे गेले, मी दाराबाहेर.

गुरुराज सरांच्याही घरी मराठीच. “विठोजी, जाडंच राहू दे. युनिव्हर्सिटीवाले म्हणतील गोष्टींचं पुस्तक लावलं.”

“सरी, सर.”

सरी?? म्हणजे ठीक आहे?? मी घुसलेच आत. “सर, ते कागद दाखवा ना!”

“तू कोण गं? विचारून यायचं असतं.”

“शाल्मली, सेकंड बीए. सॉरी सर.” आणि मीच पिशवीतला गठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

गुरुराज सर जाड्यावरच्या रेघा बघत चाळायला लागले. “चौथं पान. पाचवं. हे तर पहिल्यावरच! आळशी कार्टी. आणि हे सतराव्यावर कोण थांबलं? नाव नाही.”

“मी,” विठोजी सर म्हणाले.

“तुम्ही? अहो, वर्षभर शिकवलंत की!”

“ढकललं, सर. यंदा नाही जमणार. हे पुस्तक नको. नाही म्हणतोय मी.”

गुरुराज सरांनी चष्मा काढला आणि एकदम हसायलाच लागले. “मग गेल्या वर्षीच सांगायचं ना! मी प्रस्तावनेच्या पुढं गेलोच नाही. तुम्ही हो म्हणालात म्हणून मला वाटलं, चांगलं असेल!”

त्यांनी पाठ्यपुस्तकांच्या फॉर्मवर जाड्याचं नाव खोडलं, बारक्याचं लिहिलं, सही केली. जाडं लायब्ररीत.

बाहेर आल्यावर सर जिन्यातच बसले. मी रडत होते.

“आता कशाला गं?”

“सर, तुम्ही नाही म्हणालात!”

“हो की.” त्यांनी केवढा तरी मोठा श्वास सोडला. “मी स्वल्प बसतो इथं. तू जा, सगळ्यांना सांग, सोमवारी नऊला वर्ग. उशीर चालणार नाही.”