सरांचा झोन

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरांइतकं सिल्वासावर प्रेम करणारा माणूस अख्ख्या दादरा नगर हवेलीत सापडणार नाही, आणि त्या प्रेमाचं कारण आरोग्य विमा आहे असं उघड सांगणारा तर जगात दुसरा नसेल.

सर मूळचे कोकणातले. इथल्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतरची औषधपाण्याची सोय पुरणार नाही म्हणून त्यांनी स्वतःचा आणि काकूंचा टॉप-अप विमा काढला, तेव्हा त्यांना कळलं की हप्ता वयावर ठरतो तसा पत्त्यावरही ठरतो. मुंबईचा झोन महाग, आपला स्वस्त. तेव्हापासून नवीन ओळख झाली की नावाआधी प्रश्न, "राहता कुठे?" समोरचा मुंबईचा निघाला, तर त्याला आत्ताच दवाखान्यातून सोडल्यासारखं सर त्याच्याकडे बघत. आम्ही धुळ्याकडचे, माझे वडील जवळच्या सायली गावातल्या कारखान्यात. आईने एकदा विचारलं, "सर, आमना धुयाना कोनता झोन शे?"

"स्वस्तातला. बिनधास्त आजारी पडा, वहिनी."

"आजारी पडाले टाइम कोठे शे, सर?"

त्यांचा मुलगा बोरिवलीला राहतो. तिकडे गेले की सर कठडा धरून जिना उतरत, भज्यांकडे बघतसुद्धा नसत. परत येताना आलेली एक शिंक त्यांनी वापी येईपर्यंत दाबून धरली होती, असं काकू शपथेवर सांगतात. इथे पोचल्यावर मात्र थेट नाक्यावर खमण, वर तिखट चटणी. दुकानदार म्हणायचा, "साहेब, धीमे धीमे, पेट बगडशे!" सर म्हणत, "बिघडू दे की. आपल्याच झोनमध्ये आहे."

मी हे सगळं खरं मानायचे. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. सर सांगतात ते गणितच असणार, असं मला वाटायचं.

यंदा काकू बाथरूममध्ये पडल्या. सर नदीकाठी फिरायला गेले होते. हाक ऐकून आई वर धावली. मनगट मोडलं होतं. संध्याकाळपर्यंत मुलगा गाडी घेऊन आला.

"बाबा, आता पुरे. दोघंही बोरिवलीला चला."

"झोन बदलेल," सर म्हणाले.

"फरक मी भरतो."

सर पंख्याकडे बघत राहिले. त्यांच्याकडे दुसरं कारण तयारच नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. मुलगा जरा नरमला. "बरं, राहा आमच्याकडे, पण विम्यात पत्ता इथलाच ठेवा. कोण बघायला येतंय?"

विमा स्वस्त राहिला असता आणि कागदावर का होईना, सर सिल्वासाचेच राहिले असते. मला वाटलं, हो म्हणतील. मनातून मलाही तेच हवं होतं. पण ते म्हणाले, "नाही. राहतो तिथला पत्ता द्यायचा असतो."

"म्हणजे येताय?"

सरांनी काकूंकडे बघितलं. प्लास्टरचा हात उशीवर ठेवून त्या हसत म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्या झोनमध्ये काढली. आता थोडी नातीच्या झोनमध्ये राहू द्या मला."

निघताना सर जिन्यात माझ्यापाशी थांबले. चपलेत पाय सरकवत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "अगं, फरक तसा फार नव्हता."

परवा त्यांचा फोन आला होता. काकूंचा हात बरा आहे, नात सोडत नाही. मग विचारलं, दमणगंगेला पाणी किती आहे, खमणवाला आठवण काढतो का. बोलता बोलता त्यांना शिंक आली. चांगली मोठी, मोकळी.

मी गमतीने म्हटलं, "सर, तिथे?"

ते म्हणाले, "आता कुठवर दाबून धरू? परत निघायचं नाहीये ना."