आश्विनातल्या बिअरची परीक्षा आणि आमचे आप्पा

आदरणीय विश्वंभरराव शिनगारे, म्हणजे आम्हा सगळ्यांचे आप्पा, यांची आणि माझी पहिली भेट तीन ग्लासांसमोर झाली. मी येरमाळ्याची. सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झालेली, आणि घरात कुणाला न सांगता एका मोठ्या बिअर कारखान्यात मुलाखतीला गेलेली. टेबलावर तीन ग्लास मांडलेले, पलीकडं पांढऱ्या कोटातले आप्पा. म्हणाले, "यातला एक वेगळाय. कुठला, ते सांगा." मी वास घेतला, घोट घेतला, पुन्हा वास घेतला. बिअर आयुष्यात पहिल्यांदाच तोंडात जात होती, पण तिन्ही ग्लास सारखेच कडू लागत होते. माझं डोकं तापलं. म्हटलं, "सर, तिन्ही एकच आहेत. तुम्ही मला बनवताय का?"

माझ्याआधी आलेल्या प्रत्येकानं कुठला ना कुठला ग्लास वेगळा ठरवून त्याचं रसभरित वर्णन केलं होतं, हे मला नंतर कळलं. आप्पा हसले नाहीत की काही नाही. "सोमवारपासून या," एवढंच म्हणाले. तेव्हापासून मी त्यांच्या हाताखाली आहे.

या गौरवग्रंथाच्या संपादक मंडळानं मला प्रेमानं कळवलं होतं की, लेखात 'पेयनिर्मिती क्षेत्र' असा शब्द वापरावा. मंडळाचा मान राखून तो मी इथं एकदा वापरला आहे. यापुढं बिअरच म्हणणार. ज्या गृहस्थांनी उभा जन्म खरं बोलण्याचा पगार घेतला, त्यांच्याविषयी लिहिताना मी शब्द कशाला लपवू? माझी आई बरीच वर्षं गावात "पोरगी औषधाच्या कंपनीत हाय" असं सांगायची. तिचं मी समजू शकते. मंडळाचं नाही.

बिअरची चव घेणं हे काम आहे, मौज नाही, हे आप्पांनी आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. चवीच्या दिवशी सकाळी ठेचा नाही, लसूण नाही, तंबाखू नाही. वासाचं तेल लावून आलेल्याला आप्पा दारातूनच परत पाठवायचे, मग तो मॅनेजर का असेना. दोन घोटांच्या मध्ये बिनमिठाची भाकरी चावायची आणि पाणी प्यायचं. आधी रंग बघायचा, मग फेस, मग वास, आणि सगळ्यात शेवटी घोट. तो घोट गिळायचाच, कारण कडूपणाचा खरा अंदाज जिभेच्या मागच्या टोकाला येतो. अकरा-साडेअकराला हे सगळं आटोपायचं आणि आप्पा ताक मागवायचे.

पुस्तकांमध्ये या वासांना जी नावं आहेत ती आमच्या कुणाच्या तोंडात बसत नव्हती. आप्पा मूळचे ईट गावचे. त्यांच्या घरी खव्याची भट्टी होती, आणि दूध कुठल्या क्षणी खरपूस होतं व कुठल्या क्षणी करपतं हे ते बालपणी वासावरून ओळखायला शिकले होते. त्यांनी आम्हाला आमचे शब्द दिले. भाजलेल्या जवाचा चांगला वास म्हणजे भाकरीचा पापुद्रा. जुन्या, हवा लागलेल्या बिअरचा वास म्हणजे भिजलेला पुठ्ठा. उकळी नीट बसली नाही तर उकडलेलं कणीस. आणि आंबण्याचं काम अर्धवट राहिलं तर लोणी. मोठमोठे पाहुणे यायचे, इंग्रजीत बोलायचे, आणि जाताना "पापुद्रा" म्हणत जायचे.

पण आप्पांचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. आपल्याकडं वडीलधारं माणूस "छान" म्हणालं की सगळी बैठक "छान" म्हणते. मान राखायची आपली रीतच आहे ती, आणि त्यात वाईट काही नाही. फक्त चवीच्या टेबलावर ती घातक. म्हणून आप्पांनी ठरवलं होतं की सगळ्यात लहान असेल त्यानं आधी बोलायचं आणि आप्पा शेवटी बोलणार. तोवर कुणी कपाळाला आठीसुद्धा घालायची नाही. मी वयानं लहान आणि तोंडानं फटकळ, त्यामुळं मला हा नियम फार मानवला.

त्यांच्या वैयक्तिक स्नेहाबद्दल एकच प्रसंग सांगते. मला बघायला एक स्थळ आलं होतं. माझे वडील गावाबाहेरच्या माणसांपुढं बुजायचे, म्हणून आप्पा वडीलधारे म्हणून येऊन बसले. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी घसा खाकरून विचारलं, "मुलगी घेते का हो?"

आप्पा शांतपणे म्हणाले, "घेते की. रोज सकाळी, जेवणाआधी, चार घोट, आणि त्याचा पगार घेते. तुमचे चिरंजीव कधी घेतात?"

चिरंजीव चहाच्या कपात बघत राहिले. आई आत कपाळाला हात लावून बसली. ते स्थळ अर्थातच परत गेलं आणि आईनं बरेच दिवस घरात आप्पांचं नाव काढू दिलं नाही. त्यानंतर जे स्थळ आलं त्याला सगळं आधीच ठाऊक होतं. ते आज माझ्या घरात सुखानं नांदतंय आणि लेकीच्या वेण्याही घालतंय.

निवृत्तीनंतर आप्पांनी आराम करावा असं काकूंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाटत होतं. पण आप्पांच्या मनात एक जुनी इच्छा होती. जर्मनीत फाल्गुनाच्या सुमाराला एक बिअर करून थंडाव्यात ठेवून देतात. पूर्वी तिकडं उन्हाळ्यात बिअर बिघडायची, म्हणून आधीच भरून ठेवायची आणि शरद ऋतूत उघडायची. रंग घासलेल्या तांब्याच्या कळशीसारखा, वास पापुद्र्याचा, आणि घोट गिळल्यावर तोंडात गोडवा चिकटून राहू नये. उणीव झाकायला तिच्यात काहीच नसतं, म्हणून ती करायला फार अवघड. मोठ्या कारखान्यात तिला कुणी हात लावू दिला नाही, कारण महिनोन् महिने टाकी अडकून पडते. ती बिअर आपल्या जिल्ह्यात, आपल्या हातानं करायची, एवढ्यासाठी आप्पांनी उमरग्याच्या बाहेर, हायवेपासून थोडं आत, भागीदारीत एक छोटा कारखाना उभा केला आणि मला बोलावून घेतलं. मी नोकरी सोडून आले. माणसं आम्ही मोजकीच. बॉयलर बघणारे हणमंतराव, स्टोअर सांभाळणारे शकीलभाई, आप्पा आणि मी. मी अजूनही सगळ्यात लहानच.

गेल्या वर्षी फाल्गुनात आप्पांनी ती टाकी स्वतः भरली. जव भिजवण्यापासून सगळं स्वतः केलं, आम्हाला फक्त वस्तू हातात द्यायला ठेवलं. वैशाखात लाईट गेली की जनरेटरपाशी खुर्ची टाकून बसायचे. काकू डबा पाठवायच्या आणि निरोप द्यायच्या, "टाकीला पाळण्यात घालून घरी आणा म्हणावं." पुण्याच्या एका हॉटेलानं सगळी टाकी घ्यायची तयारी दाखवली, जर्मन उत्सवासाठी. तारीख ठरली. कॅलेंडर कुणीच बघितलं नाही. पुढं लक्षात आलं की उत्सवाची ती तारीख नेमकी घटस्थापनेची! तुळजाभवानीच्याच जिल्ह्यात राहणाऱ्या आम्हा लोकांनी ही चूक करावी म्हणजे कमालच. नवरात्रात आमच्यातलं कोण घोट घेणार? हणमंतरावांचा नऊ दिवस कडक उपास, माझाही. आप्पांच्या घरी तर दसऱ्यानंतर देवीची निद्रा संपून पौर्णिमा होईपर्यंत पाळतात. उपास नसलेले एकटे शकीलभाई, आणि ते पीतच नाहीत! ते आमच्या टेबलावर फक्त वास घेतात. त्यांना घोट घे असं आप्पा कधी गमतीनंही म्हणाले नाहीत.

म्हणून परीक्षा सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी ठेवली. हॉटेलचा मॅनेजर गाडी घेऊन आला होता. टाकी उघडली, ग्लास भरले. रंग असा देखणा की हणमंतरावांनी टोपी सारखी केली. मॅनेजरनं नियम माहीत नसल्यानं मोठा घोट घेतला आणि ओरडला, "फँटास्टिक! सर, मानलं तुम्हाला!"

 आप्पांनी माझ्याकडं बघितलं. बोलायचं आधी मी.

मी वास घेतला. भाकरीचा पापुद्रा होता, छान होता, आणि त्याच्यामागून लोणी आलं. वाटलं, आपलं चुकलं असेल. भाकरी चावली, पाणी प्यायले, पुन्हा घेतला. लोणीच.  या एका बिअरसाठी हा माणूस पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर जनरेटरपाशी बसला होता. दारात गाडी उभी, गिऱ्हाईक खुश. एक शब्द गिळला असता तर सगळं सुखात पार पडलं असतं. मी आप्पांकडं न बघता म्हटलं, "लोणी आहे. आप्पा, लोणी आहे."

शकीलभाईंनी ग्लास नाकाशी धरला, खाली ठेवला. "मस्का है, आप्पा. थोडा है, पन है." हणमंतराव मान खाली घालून म्हणाले, "मलाबी आलं. पर म्हटलं, तुमी केलंय म्हंजे तसंच आसंल."

आप्पांनी शेवटी घोट घेतला.  मग म्हणाले, "नापास."

मॅनेजर गडबडला. "सर, आमच्या लोकांना काही कळणार नाही हो!"

"त्यान्ला न्हाय कळणार," आप्पा म्हणाले. "मला कळलंय ना आता."

गाडी रिकामी गेली. मी टाकीमागं जाऊन रडले. आपण आप्पांच्या आयुष्यभराच्या हौसेवर पाणी ओतलं, असं वाटत होतं. थोड्या वेळानं ते तिथं आले. म्हणाले, "रडतीस कशाला? सकाळी तोटीपाशी नमुना काढला तवापासून मला लोणी येत होतं. म्या म्हटलं, वय झालं, नाक गेलं आपलं. तू बोललीस तवा कळलं, नाक शाबूत हाय." मग टाकीवर हात ठेवून म्हणाले, "लाईटीच्या भ्यानं म्या घाई केली. काम पुरं व्हायच्या आधी गार केलं. घाई माझीच."

उपाय होता, पण खात्रीचा नव्हता. नुकतीच फसफसायला लागलेली ताजी बिअर टाकीत विरजणासारखी घालायची, टाकी जरा उबेला आणायची, आणि आतल्या जिवंत यीस्टनं ते लोणी खाऊन टाकायची वाट बघायची. जमलं तर जमलं, नाहीतर सगळी टाकी गटारात. घटस्थापनेच्या दिवशी सकाळी विरजण घातलं आणि आमचे उपास सुरू झाले.

आता जमतंय की नाही हे बघायचं कुणी? वास घ्यायला हरकत नव्हती, मी घेऊनही बघितला. पण भुकेल्या पोटी मला गंजलेल्या खिळ्यालाही लोण्याचा वास आला असता. हणमंतरावांना तर साबुदाण्याच्या खिचडीपलीकडं काही सुचत नव्हतं. मग रोज दुपारी शकीलभाई पोटभर जेवून यायचे, आप्पा त्यांच्यापुढं ग्लास धरायचे, आणि आम्ही सगळी उपाशी माणसं त्यांच्या नाकाकडं बघत उभे राहायचो. "कल जैसाच है." दुसऱ्या दिवशी, "थोडा कम हुआ." अष्टमीला त्यांनी दोनदा वास घेतला आणि म्हणाले, "आप्पा, आता मस्का मिलता नै. पन मेरे भरोसे पे मत रहो." आप्पा त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आठ दिवस तुमच्याच भरोशावर हाय की, भाई."

पौर्णिमा झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही टेबलाशी बसलो. बाहेरचं कुणी नव्हतं. पुन्हा आधी मीच. वास घेतला, घोट घेतला, लोणी शोधलं. खरंच शोधलं हो, अगदी हट्टानं शोधलं, कारण आप्पांना खोटं "छान" ऐकवायचं माझं धाडस नव्हतं. लोणी नव्हतंच. पापुद्रा होता, खरपूसपणा होता, आणि गिळल्यावर तोंड लख्ख. मी म्हटलं, "मला दोष सापडत नाही," आणि पुन्हा रडू आलं. माझा नाइलाज आहे, राग आणि रडू दोन्ही मला पटकन येतं. शकीलभाईंनी मान डोलावली. हणमंतराव म्हणाले, "लई झाक झालंय. आन् ह्ये मान म्हणून न्हाय बोलत म्या."

आप्पांनी ग्लास उजेडात धरला, वास घेतला, घोट घेतला, डोळे मिटले.  मग म्हणाले, "पास. शेवटाला यक बोटभर गोड जास्त हाय. पण पास."

ती बिअर दिवाळीत सोलापूरकडच्या गिऱ्हाइकांकडं गेली आणि संपली. संपली त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "झालं का आता मनासारखं? बसा की घरी." मी तिथंच होते. आप्पा चप्पल घालता घालता म्हणाले, "मनासारखं झालं आसतं तर फाल्गुनात काय केलं आसतं म्या?" आणि यंदा फाल्गुनात त्यांनी पुन्हा टाकी भरली. या वेळी घाई केली नाही. आज हा ग्रंथ आपल्या हाती येतोय तेव्हा ती टाकी थंडाव्यात निजलेली आहे आणि आप्पा रोज एकदा तिच्यावर हात ठेवून येतात.

अमृतमहोत्सवाच्या लेखाशेवटी सर्व मनोकामना पूर्ण होवोत असं लिहायचं असतं. मी लिहिणार नाही. वयानं लहान असून हे बोलते, काकू मला माफ करोत. आई भवानीकडं माझं एवढंच मागणं आहे: आप्पांची तब्येत ठणठणीत ठेव, नाक आणि जीभ अशीच तिखट ठेव, आणि ती बिअर दर आश्विनात पास होऊ दे, पण त्यांच्या मनासारखी मात्र इतक्यात होऊ देऊ नकोस.