नजीरभाईंची ढिली मूठ

दूधबाजारात नजीरभाईंचं शिलाईचं दुकान चाळीस वर्षं चाललं. जाड जीनचं कापड त्यांच्या कात्रीखाली केळं कापावं तसं कापलं जायचं. आता दुकान नव्हतं, बायको जैतुनबी तीन वर्षांपूर्वी गेलेली, मुलगा हुजैफा शारजाला. बोलायला कुणी भेटावं म्हणून ते दिवसातून दोनदा पाव आणायला जात. मधुमेह झालेला माणूस एकटा एवढ्या पावाचं करतो काय, हा प्रश्न बेकरीवाल्यालाही पडे.

अशात एका इस्पितळाने मधुमेहाच्या रुग्णांची पाहणी सुरू केली. नऊ तपासण्या व्हायच्या. पुढे हृदयविकार कुणाला होणार हे त्यातल्या कोणत्या तपासण्या आधीच सांगतात, ते हिशेबाने शोधायचं आणि बाकीच्या तपासण्यांचा लोकांना होणारा ताप वाचवायचा, असा बेत होता. नजीरभाईंनीही नाव दिलं, पण त्यांना त्या हिशेबाशी काही देणंघेणं नव्हतं. ते वाट बघत ती शेवटच्या तपासणीची. योगिनी नावाची मुलगी हातात एक दांडा देई, तो मुठीत दाबायचा, आणि पकडीत जोर किती ते काट्यावर कळे.

"चाचा, जोर लावा! सकाळी काही खाल्लं नाही का?" मनगट धरून ती त्यांचा हात सरळ करी, आणि खरंच काय खाल्लं तेही विचारी. हे विचारणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

एरवी सहा महिन्यांनी बोलावणं येई. पकड कमी भरली, की महिन्याभरातच. हे नजीरभाईंनी बरोबर हेरलं. शेवटी टेलरची नजर. तेव्हापासून ते दांडा नुसता कुरवाळत आणि चेहरा असा वाकडातिकडा करत, की एखाद्या नाटक मंडळीने उचलून न्यावं.

पाहणी संपली तेव्हा सगळ्यांना सभागृहात बोलावलं. योगिनीने सोप्या भाषेत सांगितलं, "आजारी पडणारे एकीकडे आणि धडधाकट दुसरीकडे, अशी वाटणी जी तपासणी नीट करते ती ठेवायची. रक्ताच्या दोन तपासण्यांतच हे काम भागतं. पकडीवर माझा फार भरवसा होता. पण धडधाकट माणसांचीच पकड कमी निघाली. काही उलगडा होईना, म्हणून काढून टाकली."

लाज बाजूला ठेवून नजीरभाई उभे राहिले.

"बेटा, माझे आकडे खोटे आहेत. मी मुद्दाम हलकं दाबायचो. ती तपासणी काढू नका."

"एकट्या तुमच्यामुळे काही बिघडत नाही हो चाचा. शेकडो माणसं आहेत यात."

मागून हरसूलचे पुंजाबाबा उठले. "मी बी हलकंच दाबायचो, ताई." नांदगावच्या अक्काबाईंनी पदर तोंडाला लावला आणि हात वर केला. मग आणखी हात वर आले.

"पण का?" योगिनीने विचारलं.

नजीरभाईच म्हणाले, "पकड ढिली निघाली की तुम्ही बोलवायचात."

योगिनीने मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. पण पाहणी आटोपली होती, निकाल लागला होता, आणि तिचीही बदली झाली होती. मोठ्या डॉक्टरांनी माईक घेतला आणि ज्यांना धोका नाही त्यांची नावं वाचायला सुरुवात केली. पहिलंच नाव नजीरभाईंचं.

"अभिनंदन, चाचा! एकदम ठणठणीत. आता दोन वर्षं इकडे फिरकायचं काही कारण नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नजीरभाईंनीही वाजवल्या. जैतुनबीला माती देऊन घरी आले, त्या दिवशीसुद्धा त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं. त्या दिवशी निदान घर माणसांनी भरलेलं होतं.