मऊ संध्याकाळी यायची

माझ्या मावशीला क्रीम लावताना बघून मला भीती वाटायची. ऐकायला कसंतरीच वाटतं, माहितीये. पण कॉलेजसाठी मी तिच्याकडे राहायला आले ना, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी माझ्या अंगावर काटा आला होता. ती लॉन्ड्रीतून आली, कोमट पाण्याने आंघोळ केली, चेहरा पुसला नाही, नुसता टॉवेलने टिपला, आणि तसाच ओलसर असताना क्रीम लावायला बसली. खालून वर, हळूहळू, आरशात न बघता. मला वाटलं, लहान बाळाला लावतात तसं लावतेय. मग वाटलं, नाही, बाळाला लावताना माणूस काहीतरी बडबडत असतं. ही एकदम गप्प होती. जणू तो चेहरा दुसऱ्या कुणाचा तरी होता, हिच्याकडे सांभाळायला ठेवलेला, आणि त्याला जरा जरी काही झालं तर मालकाला तोंड कसं दाखवायचं.

आणि तसंच होतं ते.

मावशीला घरात थोरली म्हणतात. ती जन्मली आणि तिच्या पाठोपाठ मऊ जन्मली. जुळ्या. माझी आई या दोघींच्या नंतरची, शेंडेफळ. थोरली आणि मऊ दिसायला इतक्या सारख्या की जुना फोटो घेऊन बसलं तर माझ्या आईलासुद्धा सांगता येत नाही कोण कुठली. पण आजीला यायचं. आजी हात लावून सांगायची. कारण थोरलीची कातडी लहानपणापासून कोरडी ठणठणीत, थंडीत गाल फुटायचे, नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटायची. आणि मऊ तिच्या नावासारखी. आजी म्हणायची, एक पोर खडूची केली आणि एक लोण्याची. दिवे गेले की दोघी मुद्दाम गप्प बसायच्या आणि आजी अंधारात दोन्ही गाल चाचपायची, "ही थोरली, ही मऊ, आणि आता दोघी जेवायला चला."

पुढे दोघी एकाच लॉन्ड्रीत लागल्या. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी मोठी लॉन्ड्री, मी गेलेय तिथे. आत शिरलं की पहिल्यांदा गरम हवा तोंडावर येते. वाळवायची मोठमोठी पिंपं गरगरत असतात, त्यांच्यापुढे इस्त्रीचा लांबच्या लांब रोलर, आणि त्यातून बाहेर येणारी चादर दोन बायका दोन टोकांना धरतात. मग हात वर करून एकमेकींकडे चालत येतात, कोपऱ्याला कोपरा लावतात, मागे जातात, पुन्हा पुढे येतात. नाचच तो. चादर वर असते तोवर समोरची दिसत नाही, नुसते पाय दिसतात. थोरली आणि मऊ नेहमी एकमेकींच्या समोर. सगळ्यांत वेगवान जोडी.

मऊ पंचविशीच्या आत गेली. ताप आला, डोक्यात गेला, संपलं. लग्न ठरायचं होतं. थोरलीचं मग ठरवलंच नाही कुणी, आणि तिनेही विषय काढला नाही.

हे सगळं आजीच्या डोळ्यांदेखत झालं होतं, तिला माहीत होतं. पण नंतर साखरेने आजीचे डोळे गेले, आणि डोळ्यांपाठोपाठ आठवणही सांडायला लागली. आणि मग एका संध्याकाळी ते झालं. मावशीने मला कपड्यांच्या घड्या घालताना सांगितलं, अगदी भाजीचा भाव सांगावा तशा आवाजात.

"पिंपांच्या धगीने तोंडाची पार वाट लागली होती गं. हसलं की टचकन फुटायचं. म्हणून औषधाच्या दुकानातल्या बाईंनी क्रीम दिलं होतं. महिनाभर लावलं. आणि एक दिवस आईजवळ जाऊन बसले, तर तिने गालाला हात लावला आणि म्हणाली, मऊ, आलीस?"

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, हो."

"मावशी..."

"तू काय म्हणाली असतीस? नाही, मेली ती? तिला पुन्हा एकदा मारायचं होतं का मी?"

मी हातातली घडी मोडून पुन्हा घातली.

तर त्या दिवसापासून त्या घरात दोन मुली राहायच्या. सकाळी थोरली. ती चहा करायची, आजीला औषध द्यायची, वेणी घालायची, ओरडायची, "आई, हात नको लावूस, मी घाईत आहे." म्हणजे हात लावू द्यायचीच नाही. आणि संध्याकाळी आंघोळ करून, क्रीम लावून, मऊ यायची. मऊ जास्त बोलायची नाही. आजीच्या पलंगाच्या कडेला बसायची, गाल पुढे करायची, आजी म्हणायची, "आलीस?" ती म्हणायची, "आले." आवाज वेगळा, बारीक. खरं सांगते, मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन त्याच खोलीत बसलेली असायचे आणि मला मान वर करायची हिंमत व्हायची नाही. मला वाटायचं, वर बघितलं आणि ती खरंच मावशी नसली तर?

आणि मावशीचं सगळं आयुष्य त्या गालापायी चाललेलं. उन्हात छत्रीशिवाय पाऊल नाही, ढगाळ दिवसातसुद्धा उन्हाचं क्रीम. साबण चेहऱ्याला नाही. खोलीत पाण्याचं भांडं उघडं, हवा कोरडी पडू नये म्हणून. झोपायची उताणी, उशीने गालाला घड्या पडतात म्हणून, हात पोटावर, सरळ. सकाळी मला जाग आली की पहिल्यांदा मी तिचा श्वास बघायचे. आणि ती हसायची नाही. म्हणजे गंमत कळायची तिला, डोळ्यांत दिसायचं, पण ओठांपर्यंत काही यायचं नाही.

आता तिच्यासमोर चादर धरायला जाडी असते. जाडी म्हणजे लॉन्ड्रीतली मैत्रीण, स्वतःच स्वतःला जाडी म्हणते. ती मावशीला बाहुली म्हणायची.

"काय गं बाहुली, हसलीस तर तडा जाईल का?" ती चादरीपलीकडून ओरडायची.

"कामाचं बघ."

"बघ गं पोरी तुझ्या मावशीला. पन्नाशी आली आणि तोंड बघ, कोरी पाटी. माझ्या तोंडावर बघ, नवरा, तीन पोरं, सासू, सगळं लिहिलेलं आहे."

मला हसू आलं होतं. मावशीने चादर खाली घेतली तेव्हा ती जाडीकडे नाही, जाडीच्या चेहऱ्याकडे बघत होती. भुकेलं माणूस ताटाकडे बघतं तसं.

या वर्षी लॉन्ड्रीतला हवा बाहेर फेकणारा पंखा बंद पडला. मालक आज करतो, उद्या करतो. आत नुसती भट्टी. त्यात थंडीचे कोरडे दिवस. आणि मावशीच्या उजव्या डोळ्याच्या कडेला एक रेघ आली. मला तर दिसतही नव्हती, तिने माझं बोट धरून त्यावर ठेवलं.

"लागतेय ना?"

"अगं, केसाएवढी आहे."

"आईला लागेल."

मला तेव्हा कळलं की ही म्हातारपणाला भीत नाहीये. ती या भीतीत आहे की एक दिवस आजीचं बोट इथे येईल, थांबेल, आणि आजी म्हणेल, ही मऊ नाही. आणि मग मऊ कायमची गेली. या वेळेला हिच्या हातून.

आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. बाईंनी चष्मा वर करून बघितलं.

"अहो, कोरडेपणाने ही बारीक रेघ उठून दिसते, ओलावा धरून ठेवलात की पुसट होते. पण वय आहे, ऊन आहे, ती धग आहे. क्रीम म्हणजे काही इरेझर नाही हो."

"दुसरं काही जोरदार?"

"जोरदार नको. तुमची कातडी कोरडी आहे, सोलून निघेल."

मावशीने मान हलवली, थँक्यू म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मेकअपच्या दुकानातून ती जोरदार ट्यूब घेऊन आली. वरची कातडी काढतं, खालून नवी येते, म्हणे. ते एकदा लावून थोडा वेळ ठेवायचं होतं. हिने दोनदा लावलं. दुसऱ्या दिवशी चेहरा लालबुंद, आणि त्याच्या पुढच्या दिवशी सोलायला लागला. गालावरून पापुद्रे निघत होते. मी डॉक्टरकडे ओढत नेलं, त्यांनी सगळं बंद करायला सांगितलं, फक्त साधं मलम, बरं व्हायला वेळ लागेल म्हणाले.

संध्याकाळ झाली. मावशी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून उभी राहिली.

"तू जा आईजवळ," ती म्हणाली. "सांग मऊला काम आहे."

"किती दिवस सांगू?"

"जा ना गं."

मी गेले. मला वाटत होतं, आजी आता हंबरडा फोडेल, हात हवेत फिरवेल, मऊ मऊ करेल. मी म्हटलं, "आजी, मऊमावशी आज येणार नाही, काम आहे."

आजी म्हणाली, "जेवायला काय आहे?"

आणि जेवली. पोटभर. एरवी संध्याकाळी दोन घास खाऊन ताट सारायची. दुसऱ्या दिवशीही तेच. जेवली, पाय लांब केले, गाढ झोपली. तिसऱ्या संध्याकाळी तर गुणगुणत होती काहीतरी. आणि मला ते सहनच झालं नाही, आत ती बाई तोंड सोलून घेऊन अंधारात उभी आहे आणि ही गुणगुणतेय. मी विचारून टाकलं.

"आजी, मऊ येत नाही, तर तुला आठवण येत नाही का?"

आजीने माझा हात पकडला. इतका घट्ट की तिची नखं रुतली.

"तिचं नाव नको घेऊस संध्याकाळचं," ती कुजबुजली. "येईल."

"म्हणजे?"

"अगं, ती गेलीये. मी विसरते सगळं, पण ते नाही विसरले. माझ्या मांडीवर गेली. आधी वाटायचं, आलीये भेटायला, येऊ दे. पण किती वर्षं झाली? मी म्हातारी झाले, थोरली म्हातारी झाली असेल. आणि ती रोज येते, गाल पुढे करते, आणि तसाच गाल. एक सुरकुती नाही. जिवंत माणसाची कातडी अशी राहते का गं कधी?"

मी दाराकडे बघितलं. मावशी दारात उभी होती.

आजीला दिसत नव्हतं. ती बोलतच राहिली. "मी हात लावते, कारण नाही लावला तर चिडेल. आलीस का म्हणते. ती आले म्हणते. मग मी श्वास धरून बसते, कधी जाईल, कधी जाईल. आणि थोरली बिचारी. ही आली की थोरली कुठे असते? कधी माझ्याजवळ बसत नाही. तिलाही भीती वाटत असेल. एवढ्या वर्षांत त्या पोरीच्या तोंडाला माझा हात लागला नाही."

खोलीत पाण्याचं भांडं होतं ना, त्याकडे मी बघत बसले. कुठे बघायचं तेच कळत नव्हतं.

मावशी हळूच पुढे आली. पलंगाच्या कडेला बसली, तिथेच, मऊच्या जागी. आजी एकदम ताठ झाली. तिने श्वास धरला, आता मला ते ओळखू आलं, इतके दिवस मी ते माया समजत होते.

मावशीने आजीचा हात उचलला आणि आपल्या गालावर ठेवला.

आजीचं बोट खरखरीत पापुद्र्यावर आलं आणि थबकलं. मग दुसऱ्या गालावर. कपाळावर. मग उजव्या डोळ्याच्या कडेला आलं, ती रेघ होती तिथे, आणि ती आता लपलेली नव्हती, कारण मावशीचं सगळं तोंड चुरगळलं होतं, एकच रेघ नाही, दहा रेघा. आजीचं बोट त्यातल्या एकेकीवरून गेलं.

"थोरले?"

"हो, आई."

"काय गं हे. केवढी कोरडी पडलीस. काही लावत नाहीस का तोंडाला?"

मावशीच्या घशातून एक आवाज आला. हसणं होतं की काय होतं, मला अजून सांगता येत नाही.

"आणि ती?" आजीने आवाज खाली आणला. "गेली का?"

मला वाटलं, मावशी हे नाहीच बोलणार. ते एक वाक्य तिने एवढी वर्षं स्वतःच्या तोंडावर क्रीम थापून थापून अडवून धरलं होतं.

"गेली, आई," ती म्हणाली.

आता चेहरा बरा झालाय. डॉक्टर म्हणाले क्रीम सोडू नका, ही कातडी अशीच आहे, हिला ओलावा लागतोच. त्यामुळे मावशी अजूनही आंघोळ करून येते, चेहरा टिपते. पण क्रीम आजी लावते. डबी मांडीवर घेऊन बसते, "इकडे ये थोरले," म्हणते, आणि आंधळ्या बोटांनी खालून वर लावत जाते. लॉन्ड्रीत जाडी म्हणते, बाहुली हल्ली हसायला लागली, मेली, नजर लागेल.

फक्त एक आहे. क्रीम मुरत जातं तसा मावशीचा गाल मऊ होत जातो. आणि रोज, अगदी रोज, एका जागी आजीचा हात थांबतो. मावशी हलत नाही, मी पुस्तकातून वर बघत नाही. मग आजीचं बोट हळूहळू सरकतं, डोळ्याच्या कडेपर्यंत जातं, आणि तिथे ती रेघ शोधतं.

सापडली की मग पुढे लावते.